धान सोडून पाऊल

सर,

कराटेचे तीन भाग तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलेत. किहोन म्हणजे ठोसे-लाथा घोटणं, काता म्हणजे समोर कोणी नसताना ठरलेल्या क्रमाने लढणं, आणि कुमिते म्हणजे खरंच कोणी समोर असताना. आम्हा पोरींची कोरी तोंडं पाहून तुम्ही म्हणालात, "चिखलणी, रोवणा अन् चुरणा. आता समजलं?" समजलं. आधी चिखल करायचा, मग रोपं लावायची, शेवटी मळणी; धानाच्या सिंदेवाहीतल्या पोरींना आणखी काय समजवायचं होतं?

आपला क्लास राइस मिलच्या अंगणात. मिलवाल्याची अट एकच, वाळत घातलेल्या धानावर पाय पडायचा नाही. ठोसा चुकला तर तुम्हाला चालायचं, पण धानाला पाय लागला की मिलभर ऐकू जाईल असे ओरडायचात, "पोरी, खातेस तेच तुडवून राह्यली काऊन?" धान कायम डाव्या हाताला. त्यामुळे कात्यातलं डावीकडचं शेवटचं पाऊल आम्ही सगळ्या अर्धंच टाकायचो. ते अर्धं आहे हेच मला माहीत नव्हतं.

कळलं ते चंद्रपूरच्या स्पर्धेत. गुळगुळीत हॉल, धानाचा दाणा नाही, आणि आपल्या सहाही पोरी एकेक करून नेमक्या त्याच जागी पाय आखडून घेताहेत. पंच तुम्हाला बोलावून विचारतात, हे काय? तुम्ही जराही न लाजता सांगता, "तिथी धान राह्यते, साहेब." सगळा हॉल हसला. मी नाही, माझं मेडल गेलं होतं. परतीच्या एसटीत मी तुम्हाला म्हटलं, "तुमाले येतच नाई तर शिकवता काऊन?" तुम्ही म्हणालात, "बरोबर बोलून राह्यली तू," आणि डब्यातला शेवटचा वडा माझ्या हातावर ठेवलात. मी तो खाल्ला आणि दुसऱ्या दिवसापासून तुमचा क्लास सोडला, पुढचं दुसरीकडे शिकले. पुढे तुम्ही गेलात, माफी मागायची राहिली. त्याची मला अजून लाज वाटते.

आता मी अहेरीत शिकवते. माझ्या मुली पूर्ण पाऊल टाकतात, फूटपट्टी घेऊन उभी असते मी. गेल्या महिन्यात माझी स्वतःची, वरच्या ब्लॅक बेल्टची परीक्षा होती. काता छान चालला होता. शेवटी डावीकडे वळले आणि पाय अर्ध्यावर थांबला. परीक्षक माझ्याहून लहान. "मॅडम, पाऊल?" म्हणाला. मी म्हटलं, "तिथी धान राह्यते."

बेल्ट गेला. घरी मी जुन्या सवयीला दोष दिला. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते. पाय चुकला नव्हता, सर. मीच आखडून घेतला.