इंजिन बंद, डोकं शांत

३ एप्रिल, सकाळी ९
ट्रक यार्डाच्या ‘इंजिन बंद’ मोहिमेचा प्रमुख म्हणून आजपासून मी. माल उतरवायचा नंबर लागेपर्यंत चाळीसेक ट्रक तासन्‌तास उभे, आणि केबिनचा एसी चालावा म्हणून सगळ्यांची इंजिनं चालू. धूर थेट माझ्या खिडकीत. आता विजेचे वीस खांब बसवलेत. केबल जोडायची, एसी विजेवर, इंजिन गप्प. आठ दिवसांत यार्ड शांत करतो. शस्त्र एकच : गोड बोलणं. ते मला उपजत येतं.

४ एप्रिल
पहिल्या ड्रायव्हरशी गोड बोललो. ऐकेना. गोडीनेच त्याची किल्ली काढून घेतली. त्याने माझी कॉलर धरली. माझा हात त्याच्या कानाखाली गेला. मी नेला नाही, गेला. मग त्याचाही आला. माझी तीन बटणं, त्याचा एक दात. पण इंजिन बंद झालं! आमची ही यार्डाच्याच दवाखान्यात नर्स. दोघांनाही औषध लावलं. आधी त्याला. बोललो नाही, पण लक्षात ठेवलंय.

७ एप्रिल
वायरमन म्हणतो, एका वेळी आठच केबल जोडा, मेन स्विचला वीस झेपणार नाहीत. बाकीच्यांना बॅटरीचे पंखे द्या, मागच्या शेडमध्ये खाटा टाका. भित्रा माणूस. म्हटलं, खांब वीस तर गाड्या वीस. म्हणाला, साहेब, खांब मोजून करंट येत नाही. हाकलला. जाताना त्याच्या पाठीत रजिस्टर लागलं. मी नुसतं भिरकावलं होतं.

११ एप्रिल, दुपारी
एका खांबावरून दोन ड्रायव्हर भिडले. एकाकडे पाना, दुसऱ्याकडे हातोडा. म्हणजे मागणी वाढतेय! समेटासाठी मधे पडलो. पडलोच. डोक्याला पाच टाके. ते घालताना हिने विचारलं, घरी आवाज चढवत नाही तुम्ही, इथे काय होतं तुम्हाला? म्हटलं, लीडरशिप. तिने सहावा घातला.

१४ एप्रिल
अक्षर वाकडंतिकडं. डाव्या हाताने लिहितोय. एक मिशीवाला दारं लॉक करून, इंजिन चालू ठेवून झोपला होता. सभ्यपणे टकटक केली. हातात लोखंडी गज होता, त्यामुळे काच फुटली. तुकडे त्याच्या गालात. खाली उतरला तो चाकाखालचा लाकडी ठोकळा घेऊनच. माझं उजवं मनगट मोडलं. आणि रडत होता तोच! दोन दिवसांनी आत्ता कुठे डोळा लागला होता म्हणे. हळवा माणूस. या धंद्यात कसा निभावणार?

१७ एप्रिल, दुपारी १२
आज निर्णायक दिवस. सगळ्या चाळीस किल्ल्या सकाळीच जमा करून ड्रॉवरमध्ये. बारा-दहाला वीसच्या वीस केबल एकदम जोडणार. वरिष्ठांना फोटो पाठवायचा आहे.

१७ एप्रिल, नंतर
बारा-चौदाला मेन स्विच फुटला. जाळ झाला. एसी बंद, केबिनी तापलेल्या, किल्ल्या माझ्याकडे. चाळीस जण ऑफिसात आले. टेबलाखालून परिस्थितीचा आढावा घेतला. मग टेबल उचललं गेलं.

२३ एप्रिल, दवाखाना
तीन बरगड्या. हसू नका म्हणाले डॉक्टर. तसा प्रसंगच आला नाही.
माझ्या जागी वायरमनला नेमलंय. आठ केबल पाळीपाळीने, बाकीच्यांना पंखे, शेडमध्ये खाटा. ही म्हणाली, दुपारी यार्डात चिमणी ऐकू येते.
म्हटलं, पाया मीच घातला. विचारलं, माझं नाव काढतात का कुणी?
तिने सलाइनची बाटली बदलली. मग म्हणाली, आता कुणी मारत नाही म्हणतात.
म्हटलं, बस जरा इथे. म्हणाली, नको, पेशंट आहेत.
मान वळवून पाहिलं. खोलीत दहा कॉट. नऊ रिकाम्या.