बाजूची कळ

३ मार्च, मंगळवार

बोलावलं! टॉवरवाल्यांनी बोलावलं! सोमवारी अकरा वाजता फोन घेऊन या, असा मेल. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि मग मला हाक मारली. तेरा महिने आम्ही त्यांच्या मागे लागलोय. तेरा महिने 'कळवतो'. आणि आज हे!

टॉवरवाले हे आमच्या ऑफिसातलं नाव. दहातल्या सात जणांच्या फोनमध्ये ज्यांचं सिम असतं ती नेटवर्क कंपनी. लोक फोन घेतात तोही त्यांच्याच दुकानातून, सिमसकट. तिथल्या फळीवर आमचा फोन लागला तर लागला. नाहीतर बेचाळीस माणसांच्या कंपनीने कितीही चांगला फोन बनवावा, तो आमच्याच कपाटात राहणार.

आणि आमचा चांगला आहेच. इथे लिहायला कुणाची चोरी? उजव्या बाजूला एक कळ आहे. बोलताना ती दाबून धरली की समोरच्याचं बोलणं सावकाश होतं. आवाज घोगरा होत नाही, माणूस तोच वाटतो – फक्त त्याची घाई गेलेली. बोलणारा मध्ये थांबतो, श्वास घेतो, 'अं' करतो. ती रिकामी जागा उचलायची आणि शब्द तिच्यात पसरायचे. एवढंच. या 'एवढंच'ला मला दीड वर्ष लागलं.

केलं होतं आत्यासाठी. तिला ऐकू येतं, पण लोक भरभर बोलतात आणि तिच्या हातून बोलण्याचं बोट सुटतं. मग ती नुसतं 'हो, हो' म्हणत राहते. तिचं ते 'हो, हो' मला ऐकवत नाही.

५ मार्च, गुरुवार

पिशवीत दोन फोन ठेवले. एक बंद पडला तर दुसरा. मग तिसरा ठेवला. आता चौथाही.

९ मार्च, सोमवार

पसंत! दोन लाख फोन! दोन लाख!!

नीट लिहिते. अकराव्या मजल्यावर बसायची खोली, दाताच्या डॉक्टरकडे असते तशी. खुर्च्या, पाण्याचं पिंप, हातात टोकन. मला वाटलं होतं आमच्यासारखे चिल्लर लोक असतील. तर शेजारी कोण? ज्यांच्या फोनच्या जाहिराती प्रत्येक चौकात लागल्यात त्यांचा माणूस! सूटबीट घालून, मांडीवर खोकं, हातात टोकन सहा नंबरचं. आमचं पाच. म्हणजे आम्ही त्याच्या आधी! साहेबांनी हळूच मला कोपर मारलं.

गप्पा झाल्या. गेल्या वर्षी त्यांनी फोनमधला रेडिओ काढला, असं तो सांगत होता. का, तर टॉवरवाल्यांना नको होता. रेडिओ फुकट लागतो, मग यांची गाण्यांची सेवा कोण घेणार? मी विचारलं, तुम्ही एवढे मोठे, तुम्ही नाही म्हणाला नाहीत? तो हसला आणि टोकनाकडे बघत बसला.

आत एक बाई. बारीक अंगाच्या, कानावर पेन्सिल. फोन तपासून त्यात काय हवं, काय नको याची यादी काढणं हे त्यांचं काम. मी त्यांचं नाव यादीबाई ठेवलंय. त्यांनी कळ दाबली, ऐकलं, सोडली, पुन्हा दाबली. 'बरं आहे' म्हणाल्या. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला लोक जन्म घालवतात. आणि दुपारी फोन – दोन लाख नग, कागद पाठवतो.

ऑफिसात नुसता धिंगाणा. साहेब टेबलावर चढले. साठीचा माणूस!

१० मार्च, मंगळवार

आत्याला सगळं सांगितलं, कळ दाबायला लागणार नाही एवढ्या सावकाश. ती एके काळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, एकतीस वर्षं कानाला हेडफोन. मला वाटलं होतं तेवढं नवल तिला वाटलं नाही. तेव्हा फोनच कंपनीचा असायचा म्हणे. तुमच्या टेबलावर असला तरी मालकी त्यांची, रंग त्यांचा, वायर त्यांची. एका बाईंनी रिसीव्हरला क्रोशाचं टोपडं घातलं होतं, तर तपासायला आलेल्या माणसाने ते काढून बाईंच्या हातात दिलं.

"आता फोन ज्याचा त्याचा," मी म्हटलं.

"बघू," आत्या म्हणाली.

१४ मार्च, शनिवार

यादी आली. दोनशे बारा कलमं! पाठीवर त्यांचं चिन्ह, आमच्या नावाच्या वर. सुरू करताना त्यांची धून. दुसरं सिम बंद. त्यांची नऊ अ‍ॅप, काढून टाकता येणार नाहीत अशी. साहेब प्रत्येकावर खूण करत चालले होते, आणि मी पण बिनधास्त हो-हो करत होते. दोन लाख फोन हो! धून काय, मी स्वतः गाऊन दिली असती.

मग एकशे सत्तेचाळीस आलं. 'बाजूची कळ दाबताच नेटवर्क कंपनीचं सेवा-दालन उघडावं.'

म्हणजे त्यांचं दुकान. गाणी, रिचार्ज, ऑफर. सावकाश बोलण्याची सोय 'सेटिंगमध्ये ठेवण्यास हरकत नाही'. मोजून पाहिलं – सेटिंगमध्ये सहा पायऱ्या खाली. बोलता बोलता आत्या सहा पायऱ्या उतरणार?

१६ मार्च, सोमवार

साहेबांच्या केबिनमध्ये पाऊण तास. मी म्हटलं, कळ गेली तर फोनमध्ये राहिलं काय? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की आपण खूप वर्षं एका गैरसमजात आहोत, आपलं गिऱ्हाईक म्हणजे फोन वापरणारा माणूस असं समजतो.

"आपलं गिऱ्हाईक ते आहेत," साहेब म्हणाले. "तुझी आत्या त्यांचं गिऱ्हाईक आहे."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते खरं होतं. आणि त्या खोलीबाहेर चाळीस माणसं कामाला लागलेली, चार वर्षांत पहिल्यांदा शिट्ट्या मारत. त्यांच्या घरी मी काय सांगणार, एका कळीसाठी घरी बसवलं?

उत्तर सहा एप्रिलपर्यंत द्यायचंय. बाकी दोनशे अकरांवर साहेबांनी आजच सही केली. एकशे सत्तेचाळीससमोर जागा कोरी ठेवली. माझ्यासाठी ठेवली हे मला कळलं.

१७ मार्च, मंगळवार

यादीबाईंना फोन केला. पंधरा मिनिटं बाजू मांडली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, कळ तुमच्या फोनला असेल. दुकान आमचं आहे."

बस. अजून कानात आहे.

२३ मार्च, सोमवार

टॉवरवाल्यांच्या लॅबमध्ये पहिली चाचणी. फोन आहे तसा तपासतात, कळीसकट. चार दिवस मला रोज तिथेच बसायचंय. खोलीला आतून सगळीकडे काळा फोम, टोकदार, वटवाघळाच्या दातांसारखा. बाहेरचा सिग्नल आत नाही, आतला बाहेर नाही. स्वतःच्या पोटातला आवाज ऐकू येतो.

तपासणारे गृहस्थ पन्नाशीचे. दिवसभरात तीन शब्द बोलले – 'या', 'बसा', 'उद्या'. मौनीबुवा!

२५ मार्च, बुधवार

काय दिवस!

दुपारी मौनीबुवा कळीपाशी आले. कागदावर लिहिलेलं, सेवा-दालन उघडतं का ते बघा. कळ दाबली, काही उघडलं नाही. त्यांनी भुवई वर केली. मी म्हटलं, ही कॉल चालू असताना दाबायची. त्यांनी खांदे उडवले, आम्ही फोमच्या खोलीतून बाहेर आलो आणि त्यांनी पाठ असलेला पहिला नंबर लावला – त्यांच्याच कंपनीची हेल्पलाइन.

पलीकडची मुलगी काय सुसाट! नमस्कारापासून 'आपली काय सेवा करू'पर्यंत एका दमात. बुवांनी कळ दाबली. आणि तीच मुलगी, तोच आवाज, शब्द न् शब्द मोकळा. कळ सोडली – पुन्हा भरधाव. दाबली. सोडली. बुवांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं. मग त्यांनी त्या मुलीला रिचार्जच्या सगळ्या योजना विचारल्या! आठही! कळ दाबून, डोळे मिटून ऐकत होते, गाणं ऐकावं तसे.

फोन ठेवला आणि म्हणाले, "वीस वर्षं इथे आहे. आमच्या योजना मला आज पहिल्यांदा कळल्या."

मग सांगत सुटले! हेल्पलाइनवर सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, तर 'काय म्हणालात?' मध्ये. म्हाताऱ्या माणसाला तीच गोष्ट चार वेळा सांगावी लागते. हेल्पलाइनच्या प्रमुख बाई या एका गोष्टीपायी डोक्याला हात लावून बसल्यात. त्या सातव्या मजल्यावर असतात. एवढं बोलून बुवा पुन्हा गप्प झाले. कागदावर मात्र लिहिलं – 'कळ उत्तम चालते.' समोर सही!

मी यादीबाईंकडेच जात होते, बावळटासारखी. त्या इमारतीत बाकीचे दहा मजले आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

२६ मार्च, गुरुवार

सातवा मजला. परवानगी नव्हती, बुवांनी लिफ्टपर्यंत सोबत केली आणि चौकीदाराला नुसती मान हलवली.

प्रमुख बाई उभ्यानेच काम करतात. गळ्यात हेडफोन, एका हातात चहा. 'दोन मिनिटं' म्हणाल्या. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्याच हाताखालच्या एका मुलाला फोन लावायला सांगितलं. दोन मिनिटांची चाळीस झाली. चहा तसाच गार. त्यांना कळ कुणासाठी आहे, किती म्हाताऱ्यांचं भलं होईल, यात काही रस नव्हता – त्यांना फक्त एक कॉल किती मिनिटांत संपतो ते हवं होतं. असू दे! मला काय, आत्याचं काम झालं म्हणजे झालं!

साठ गिऱ्हाइकांवर करून बघू म्हणाल्या. सगळे सत्तरीच्या पुढचे. फोन आमचे, माणसं त्यांची. सहा एप्रिलची मुदत त्या पुढे ढकलून घेणार आहेत. यादीबाईंचं नाव काढल्यावर त्यांनी चहाचा कप जरा जोरातच ठेवला. त्या दोघींचं काहीतरी जुनं आहे.

२७ मार्च, शुक्रवार

साहेबांना सांगितलं. आधी ओरडले, न विचारता गेलीस म्हणून. मग साठ फोन स्वतः पुसून खोक्यात भरले.

८ एप्रिल, बुधवार

आज बारा दिवस. काही कळत नाही. ऑफिसात सगळे माझ्याकडे बघून गोड हसतात, आजारी माणसाकडे बघावं तसे. आत्याने विचारलं, झालं का काही? मी 'हो, हो' म्हटलं.

२० एप्रिल, सोमवार

आकडे आले!! सावकाश बोलणं, आणि तरी कॉल लवकर संपले! सरासरी नऊ मिनिटांचे सहा झाले! कारण 'काय म्हणालात?' गेलं! साठपैकी एकावन्न जण फोन परत द्यायला तयार नाहीत. एक आजोबा म्हणे दुकानात येऊन बसले – माझ्या मुलीचं बोलणं इतक्या वर्षांनी समजायला लागलंय, आता हा नेऊ नका.

हे प्रमुख बाईंनी फोनवर वाचून दाखवलं, तेही आकड्यांच्या खाली शेवटी लिहिलं होतं म्हणून. मी ऑफिसच्या जिन्यातच बसले.

२४ एप्रिल, शुक्रवार

बैठक. अकरावा मजला. यादीबाई एका बाजूला, हेल्पलाइनच्या बाई दुसऱ्या, मध्ये आम्ही दोघं मांजरीच्या पिल्लांसारखे. आमच्या फोनबद्दल तासभर चर्चा, आणि आम्हाला कुणी एक शब्द विचारला नाही! यादीबाईंचं म्हणणं होतं की प्रत्येक कळीमागे दालनात किती गिऱ्हाइकं येणार याचा हिशेब ठरलेला आहे, तो सोडायचा कशासाठी. दुसऱ्या बाई फक्त 'नऊचे सहा' म्हणत राहिल्या. पाचव्यांदा म्हणाल्या तेव्हा यादीबाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि एकशे सत्तेचाळीसवर रेघ मारली. सरळ, पट्टी न लावता.

जिंकलो! कळ राहिली! दोन लाख फोन, कळीसकट!

निघताना यादीबाईंनी मला थांबवलं आणि कळीखाली वापरलेला भाग कुठून घेता ते विचारलं. मी सांगितलं. आनंदात माणूस काय सांगत नाही! साहेब गाडीत वाटभर चुकीच्या सुरात शीळ घालत होते.

२५ एप्रिल, शनिवार

आत्याने मला जवळ घेतलं. इतकंच.

४ मे, सोमवार

टॉवरवाल्यांची पुढच्या वर्षीची यादी आली. आम्हाला एकट्यांना नाही, सगळ्या फोन कंपन्यांना, चौकातल्या जाहिरातवाल्यांनाही. नवीन कलम: आमच्या दुकानात ठेवायच्या प्रत्येक फोनला, मग तो कोणाचाही असो, बोलणं सावकाश करणारी कळ बाजूला हवीच. दाखवलेली कुठलीही सोय ते इतरांकडून मागू शकतात – त्या दोनशे अकरांत हेही होतं, आम्हीच त्यावर सही केलीय. यादीबाई फोनवर म्हणाल्या, "चांगली आहे, म्हणून तर सगळ्यांना लावायला सांगतोय."

साहेबांनी विचारलं, आता आपल्या फोनमध्ये वेगळं काय राहिलं? मी खाली मान घातली. खरं लिहायचं तर, ती हसू दिसू नये म्हणून.