बिनपरतीच्या क्रेडिटमधून एक फोटो मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
प्रवासी सेवा कक्ष, पाचवा मजला,
'गल्फ लँटर्न' जहाज
(सध्या समुद्रात, उद्या सकाळी गॅल्व्हेस्टन बंदर)

अर्जदार : सौ. मेरीबेथ टोबी गिड्री, केबिन ७११८

विषय : सासऱ्यांच्या खात्यावरील बिनपरतीच्या क्रेडिटमधून, अथवा माझ्या परतीच्या क्रेडिटमधून, एक फोटो मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या खिडकीवरील कु. इनेस यांच्याशी आज सकाळपासून वारंवार झालेले बोलणे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी, माझे पती टोबी, सासरे श्री. हार्लन गिड्री, सासूबाई सौ. अर्लीन आणि आमची आठ महिन्यांची जोसी असे पाच जण आपल्या जहाजावर प्रवास करीत आहोत. जोसी आत्ता माझ्या डाव्या हातावर झोपली असल्याने अक्षर तिरके आले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

१. वाऱ्यामुळे एक बंदर रद्द झाले. त्या बंदराचा कर आपण आमच्या जहाजखात्यावर क्रेडिट म्हणून जमा केला. हे क्रेडिट परतीचे आहे, म्हणजे आम्ही खर्च केले नाही तर घरी गेल्यावर आमच्या कार्डावर येईल. सासऱ्यांकडे आपल्या कंपनीचे शंभर शेअर आहेत, त्याबद्दल त्यांना शंभर डॉलरचे क्रेडिट मिळाले. ते मात्र बिनपरतीचे आहे. आज रात्रीपर्यंत खर्च झाले नाही तर पुसले जाईल. कु. इनेस यांनी हे फार गोड शब्दांत समजावले. मला समजले. सासऱ्यांनाही समजले, पण त्यांच्या पद्धतीने.

२. त्यांचे म्हणणे असे : "पुसले जातात म्हणजे जातात कुठे? कंपनीकडेच ना? आणि कंपनी कोणाची?" जहाजावर पाऊल ठेवल्यापासून ते मालकासारखे वावरत आहेत. मार्गिकेतले दिवे विझवतात. कठड्याच्या रंगावरून बोट फिरवून बघतात. काल त्यांनी वाढप्याला, "बाळा, लोणी जरा बेताने वाढत जा," असे सांगितल्याचे मी स्वतः ऐकले. टोबीने हिशेब करून दाखवला, "डॅडी, त्या शंभरातून तुमच्या वाट्याला साखरेचा एक दाणाही येत नाही." त्यावर, "मग दाणा तर दाणा, कंपनीत राहू दे," असे उत्तर मिळाले. सासूबाई म्हणाल्या, "तू मालक असशील, तर मालकिणीला पाय चोळून घ्यायचे आहेत." ते मालिशवाल्यांकडे जाऊन आले आणि म्हणाले, "दर बघून मालक म्हणून आनंद झाला. गिऱ्हाईक म्हणून मी काही तिकडे फिरकणार नाही."

इथपर्यंत माझी तक्रार नाही. शंभर डॉलर त्यांचे, ते बुडवायला मुखत्यार आहेत.

३. आता मूळ विषय. सासऱ्यांनी सारे आयुष्य कोळंबीच्या बोटीवर जाळी ओढली. अलीकडे त्यांचे हात थरथरतात. जोसी झाल्यापासून त्यांनी तिला एकट्याने कधी उचललेले नाही. "मी बसलो की दे," म्हणतात, आणि बसल्यावरही मांडीखाली उशी घेतात. परवा सगळे नटूनथटून जेवायला निघालो असताना जिन्यापाशी सासूबाईंच्या सँडलचा पट्टा तुटला. मी खाली वाकले आणि जोसीला जवळ जे हात होते त्यांत ठेवले. ते हात सासऱ्यांचे होते, हे माझ्या नंतर ध्यानात आले. तेवढा वेळ ते तिला घेऊन उभे राहिले. पाहिले फक्त आपल्या फोटोवाल्याने. फोटोत जोसीने त्यांचा टाय मुठीत धरला आहे आणि ते तिच्याकडे असे बघत आहेत की मला लिहिता येत नाही.

४. अडचण अशी की, आपले यंत्र चेहरा ओळखून फोटो ज्याच्या खणात टाकते, त्याच्याच जहाजखात्यावर तो विकला जातो. आठ महिन्यांचा चेहरा त्याला ओळखता येत नाही, म्हणून फोटो सासऱ्यांच्या खणात आहे. माझे पैसे परत मिळणारे आहेत, पण तिथे चालत नाहीत. त्यांचे परत न मिळणारे आहेत, तिथे चालतात, आणि ते देत नाहीत. "एका कागदाला पेटीभर कोळंबीचा भाव?" म्हणून ते निघून आले. न विकलेले फोटोही उद्या पुसले जाणार, असे कळते.

५. नाश्त्याला सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, पैशाचं नाहीये ते. त्यात त्याचे हात हललेले आलेत. तू चारचौघांत दाखवशील, याची धास्ती." मी म्हटले, "ते हात आलेत म्हणूनच तर हवाय." त्या म्हणाल्या, "मग हे त्याला सांग की. मला काय सांगतेस?" एवढे तोंडावर बोलण्याइतकी मी या घरात जुनी झालेली नाही, म्हणून आपल्याकडे अर्ज करीत आहे.

तरी नम्र विनंती की,

(अ) माझे परतीचे क्रेडिट सासऱ्यांच्या खणाकडे वळते करावे. ते पुन्हा कधी मागणार नाही, असे लिहून देण्यास मी तयार आहे.

(आ) ते नियमात बसत नसल्यास, कंपनीच्या छापील कागदावर सासऱ्यांना पत्र द्यावे की, प्रत्येक भागधारकाने फोटो विभागाचा माल स्वतः विकत घेऊन तपासणे अपेक्षित आहे. छापील कागदाचा ते मान राखतात.

(इ) हेही शक्य नसल्यास, तो एक फोटो पुसण्याचे काम मला धीर येईपर्यंत पुढे ढकलावे. त्यासाठी जहाज धक्क्याला थोडे सावकाश लावता आल्यास आमची हरकत नाही.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
मेरीबेथ गिड्री
दि. १४ मार्च

सोबत : फोटोच्या क्रमांकाची चिठ्ठी. (शेअरचा दाखला सासऱ्यांच्या खिशात असल्याने जोडता आला नाही.)

शेरा (वेगळ्या हस्ताक्षरात) :

खिडकीवर नेऊन दे म्हणून अर्लीनने हा अर्ज माझ्याकडे दिला. उघडाच होता. साहेब, आपण काही करू नये. फोटो मी घेतला आहे, मोठ्या आकाराचा. नीट निरखून पाहिला. हात हलले आहेत. पोर हललेली नाही.

हार्लन गिड्री