मिटल्या पंखांची तसबीर

आबा, तसबिरींच्या दुकानावरची तुमच्या हातची पाटी पार पुसून गेली, आता तिथं माझ्या अक्षरातली आहे. आज लिहायला बसले ती माफी मागायला नाही. ज्याला तुम्ही नाद म्हणत होतात तो मी सोडला नाही, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून नको, माझ्याच तोंडून कळावं म्हणून लिहितेय. आज सकाळीही नदीवर जाऊन आले. लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल आहे आणि तसंच घेऊन बसलेय.

केजहून मी सासर सोडून माहेरी आले तेव्हा तुम्ही मला काही विचारलं नाहीत. नवऱ्यानं दुसरी केली होती, आणि तिच्या हाताखाली मी गुमान राबावं असं त्या घरानं ठरवून टाकलं होतं. मी बैलगाडीत बसून निघून आले. तुम्ही मला दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत नेलंत आणि तसबिरींच्या काचा धुवायला शिकवलंत. ती माया होती की लाज, मला अजून ठरवता येत नाही. तिथं मला कुणी बघणार नव्हतं, एवढं खरं. बाहेर तुम्ही जहागीरदारांच्या, तहसीलदारांच्या, नव्या नवरानवरीच्या तसबिरी काढत होतात, आणि आत लाल कंदिलाच्या उजेडात तीच माणसं उलट्या रंगांत, काळ्या दातांची, पांढऱ्या केसांची होऊन माझ्यासमोर तबकातल्या पाण्यात हळूहळू उगवत होती. मला ते काम आवडायला लागलं. तुमच्या हे कधी लक्षात आलं का?

मग पालीला नदीच्या कामावर हैदराबादहून एक अंमलदार आला. त्याला फुलपाखरांचा शौक. मेलेली फुलपाखरं कागदाच्या घड्यांत घालून तो आपल्याकडे घेऊन यायचा, तुम्ही ती पंख पसरून फळीवर टाचायचात आणि त्यांची तसबीर काढायचात. कॅमेऱ्याचा भाता पार लांबवला की नखाएवढी चीज त्याच्या मागच्या दुधी काचेवर तळहाताएवढी दिसते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांत दोन नारंगी होती, काळ्या किनारीची, दिसायला जुळी. तुम्ही दोघांखाली एकच नाव लिहिलंत, रुईवरचं. मी म्हटलं, ही वेगळी आहेत, एकाच्या मागच्या पंखावर मधोमध काळ्या ठिपक्यांचा झुबका आहे आणि दुसऱ्याच्या फक्त कडेला एक. तुम्ही काच उजेडाला धरलीत. नारंगी रंग आपल्या काचा धरायच्याच नाहीत, कागदावर तो काळाच उतरायचा, त्यात ठिपके बुडून गेले होते. जे काचेवर नाही ते नाहीच, असा तुमचा हिशेब.

"तुझं काम काचा धुयाचं हाय," तुम्ही म्हणालात. "नावं ठेवायचं न्हाई."

मी नावं ठेवलीच, आबा. फुलपाखरांनाही ठेवली आणि तुमच्या पद्धतीलाही. मेलेलं पाखरू पंख पसरून टाचलं की त्याची गडद बाजू वर येते. जिवंत पाखरू पंख मिटून बसतं, आणि मिटल्या पंखाची बाहेरची बाजू फिकी असते. तिच्यावर ठिपका उठून दिसतो. शिवाय पाखरू जिवंतपणी कुणाच्या सोबतीला असतं, कुठल्या झाडावर अंडी घालतं, हे टाचणी सांगत नाही. ते एका ठिपक्याचं मी परसात रोज बघत होते. ते रुईकडे अंडी घालायला जायचंच नाही, घोळीच्या भाजीवर उतरायचं. आणि त्याच्यामागं एक काळं, मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचं फुलपाखरू फिरायचं. माझ्या मनात आलं, हा नर असणार आणि नारंगी ती त्याची मादी. इतकं निराळं जोडपं! कुणाला सांगून पटलं नसतं, म्हणून दाखवायचं ठरवलं.

पाऊस सरत आला होता. एका सकाळी तुम्ही उठायच्या आत मी कॅमेरा, त्याचं तीन पायांचं तिकाटणं आणि काळं फडकं उचलून बिंदुसरा नदीच्या काठी गेले. ऊन चढल्यावर जोडी सापडते. घोळीच्या देठावर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेली, पंख मिटलेले. मी डोक्यावरून फडकं घेऊन वाकले आहे, काचेवर दोघं उलटी लटकलेली दिसतायत, आणि पलीकडे धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघतायत. कुणीतरी तुम्हाला जाऊन सांगितलं असणार. मागं तुमच्या वहाणा वाजतात. "घरी चल," तुम्ही म्हणता, बायांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं. मी फडक्यातून तोंडसुद्धा काढत नाही.

"फुडं येऊ नका, आबा. सावली पडंल."

आणि तुम्ही होतात तिथंच थांबलात. जहागीरदारांना दम रोखून धरायला लावणारे तुम्ही, माझ्यामागं दम रोखून उभे राहिलात. मी भिंगाचं झाकण काढलं, परत लावलं.

घरी आल्यावर तुम्ही कॅमेरा कुलपात घातलात. केजहून निरोप आला आहे, ते लोक न्यायला तयार आहेत आणि मी तुला पाठवणार, असं सांगितलंत. गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणालात. मी चुलीपुढून उठलेही नाही.

"कॅमेरा तुमचा हाय, ठिवा," मी म्हटलं. "मी तुमची वस्तू न्हाई. केजला जाणार न्हाई."

अंमलदार पुन्हा आला तेव्हा मी ती काच घेऊन आतल्या खोलीतून पहिल्यांदा पुढच्या दुकानात आले आणि त्याच्यापुढं ठेवली. त्यानं भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग आपल्या उर्दूत समजावलं, की बेटी, तू बरोबर ओळखलंस, पण हे किताबात पूर्वीच लिहिलेलं आहे. रुईवरचं कडू असतं, पक्षी त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून ही मादी त्याचं रूप घेऊन फिरते. तुमचा जीव भांड्यात पडला. "ऐकलंस?" तुम्ही म्हणालात. "लोकांना ठावं हाय हे. कावून येवढा आटापिटा?"

तेव्हा मी काच उचलून आत गेले. आज सांगते. किताबात होतं, मला कुठं ठाऊक होतं? मी ते घोळीपाशी उकिडवं बसून मिळवलं. दुसऱ्या कुणाला आधी मिळालं म्हणून माझं कमी होत नाही.

केजला तुम्ही मला पाठवलं नाहीत. पुढं तापाच्या साथीत तुम्ही गेलात, आणि या खेपेला केजची मंडळी स्वतःच आली, दुकानावर डोळा ठेवून. त्यांना पाणी दिलं आणि वाटेला लावलं. आता पडद्यातल्या बायकांच्या तसबिरी काढायला हवेल्यांतून मला बोलावणं येतं, त्यावर दुकान चालतं, आणि सकाळ माझी असते. आपल्या भागातल्या किती तरी पाखरांची मी जिवंत तसबीर काढली आहे. एकालाही टाचणी लावलेली नाही.

हे पत्र मी कुठं पाठवणार, आणि जपून तरी कशाला ठेवू? वाचून झालं की चुलीत घालीन. पण एक कबूल करते. ती काच मी अंमलदारापुढं ठेवली खरी, बघत होते मात्र तुमच्याकडे. किताबाचं राहू द्या. जोडी रेखीव उतरली होती, पंखांची शीर न् शीर दिसत होती. फोटो बरा निघालाय, एवढं तुम्ही म्हणाल असं मला वाटलं होतं. अजून वाटतं.