आप्पांचे तळातले मासे

३ जून
अंबाजोगाईत पोचले! कडा गावाहून एसटीनं येताना कंबर मोडली, पण घर बघून शीण गेला. संगमेश आप्पांचं कापडाचं दुकान मोठं, घर त्याहून मोठं. बैठकीत भिंतभर काचेची टाकी, आणि तिच्या तळाशी कोरी जातीचे मासे. बोटाएवढे, तोंडाला मिशा, दिवसभर तळ हुंगत फिरणारे. त्यांना सांभाळायचं, एवढंच माझं काम. मत्स्यशास्त्र शिकल्याचं चीज झालं म्हणायचं. आप्पा कपाळभर विभूती लावून टाकीसमोर बसतात. म्हणाले, लेकरं हायेत माझी. त्यांच्या बायको ईश्वरीवहिनी डोक्यावरचा पदर जराही ढळू देत नाहीत. जेवायला मात्र आग्रहानं वाढतात.

५ जून
माशांच्या मिशा झिजल्यात. कारण सापडलं. तळाला बांधकामाची काळी खडी आहे. हे मासे मिशांनी चाचपून खातात. धारदार खडीवर त्या सोलून निघतात, मग कुजतात. नदीची बारीक वाळू धुऊन टाकायला हवी. तळाला बसणाऱ्या गोळ्या द्यायच्या, उरलेलं खाणं लगेच काढायचं, पाणी थोडंथोडं बदलायचं. आप्पा लक्ष देऊन ऐकत होते. मी हसत म्हटलं, खडी टाकणाऱ्याला माशांचं काहीच कळत नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली.

७ जून
वाळू आली. घरचा गडी उत्तरेश्वर, त्यानं ती एका हातानं उतरवली. दुसऱ्या हाताला फडकं, रक्तानं भिजलेलं. दारात सापडून बोटं चेंगरली, असं वहिनी म्हणाल्या. मागच्या अंगणात त्यानं मला गाठलं.
“खडी मीच टाकलती, ताई. आप्पानं त्याच खडीवर माजा हात ठिवला अन् वरून वरवंटा हाणला. तुमी कशाला बोलल्या?”
त्यानं फडकं सोडलं. बोटं नव्हतीच, नुसता चेंदा.

८ जून
घरी जाते, असं मी म्हटलं. आप्पांनी हसून माझा मोबाईल काढून घेतला. मासे बरे झाल्यावर जा म्हणाले. फाटकाला कुलूप. उत्तरेश्वर कुठं दिसत नाही.

१२ जून
मिशांना कोंब फुटलेत. आप्पांनी पेढे आणले. वाढताना वहिनींचा पदर सरकला. डावा कान नाही. माझ्या हातून जाळीत एका माशाचा पर फाटला होता, एवढंच त्या म्हणाल्या. मेला असता तर? मी विचारलं. त्या पदर सावरून पातेलं घासायला गेल्या.

१५ जून
सकाळपासून लाईट नाही. पंप बंद. मगानं पाणी उचलून वरून ओततेय, हवा मिसळावी म्हणून. हात भरून आले. मासे कुशीवर —

एक मेला.

फाटक वाजलं, आप्पा आले. वहिनींनी माझ्या हातातला मासा हिसकावला आणि तोंडात टाकला. गिळला. या माशाच्या परांचे काटे मेल्यावरही ताठ — घशात रुतला. मी बोटं घातली. रक्तच रक्त. त्यांनी मला कोठीकडं ढकललं —

आतून कडी लावलीय. फटीतून दिसतंय. आप्पा मासे मोजतायत. एक कमी. आता वहिनींजवळ बसले. गळा चाचपतायत.
“मासा जित्ता आसंल अजून,” म्हणाले. सुरी मागतायत. माझ्याकडं.

वहिनींचे पाय आपटतायत. इथं पहार आहे, लोखंडी. आप्पा खाली वाकलेत. कडी काढते — एकच घाव, त्यांच्या डोक्यात —