चार नंबरचा नमुना

४ नोव्हेंबर
आज अकलूजच्या पुढच्या नव्या साखर कारखान्यात रुजू झाले. नातेपुत्याहून आई-आप्पा सोडायला आले होते. आप्पांनी गेटवरच्या वॉचमनलाही पेढा दिला, मला लाजच वाटली. काम मजेचं आहे. साखर आणि मळी वेगळी करणारे सहा मोठे ड्रम गरगर फिरतात, त्यांच्या बेअरिंगांवर माइक आहेत. कॉम्प्युटर दिवसभराचा आवाज गेल्या हंगामातल्या 'निरोगी' दिवसाच्या नमुन्याशी ताडून पाहतो. जुळला तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. थोडक्यात, मी यंत्रांची डॉक्टरीण! फिटर मल्लप्पा अक्कलकोटकडचे. तीस वर्षं लोखंडी सळई कानाला लावून ते हेच करतात. हेडफोनची वायर मनगटाला गुंडाळायची माझी सवय त्यांना बघवत नाही. "म्याडम, ती वायर सोडा की हातातली," आज पाचदा म्हणाले. पुढे नोकरीभर म्हणतील असं दिसतंय.

९ नोव्हेंबर
चार नंबर लाल. मल्लप्पांनी सळई लावून ऐकलं, म्हणाले बेअरिंगला काही झालेलं नाही. मीही ऐकलं, खरंच काही खोट नाही. कॉम्प्युटरची तक्रार उलटीच आहे. जादा आवाज नाही, एक आवाज कमी पडतोय. रोज दुपारी चार-दहाला.

१२ नोव्हेंबर
जुना नमुना ऐकला. चार-दहाला त्यात एक माणूस ओरडतो. सात सेकंद. मल्लप्पांना ऐकवलं, त्यांनी आवाज लगेच ओळखला. तो येडू, इथला सफाई कामगार. जानेवारीत ड्रम धुवायला आत वाकला होता. फ्यूज काढलेला होता, तरी ड्रम फिरला आणि तो त्यातच गेला. नमुना त्याच दिवशी घेतला गेला आणि नंतर तो ऐकायची तसदी कुणी घेतली नाही. चीफ इंजिनिअर सोमशेखर साहेबांना म्हटलं, नमुना पुसू या. हंगाम संपल्यावर बघू, म्हणाले. मी मान डोलावून परत आले. भांडायला हवं होतं.

१५ नोव्हेंबर
मल्लप्पा गेले.
चार-दहा. सळई घेऊन चार नंबरमध्ये वाकले होते, फ्यूज त्यांच्याच खिशात होता. आधी बाही, मग हात खांद्यापासून — भिंतीवर, माझ्या चष्म्यावर, साखरेत. सळई पोटातून आरपार. ते ओरडत होते. किती वेळ ते कॉम्प्युटरने मोजलं. सात सेकंद.
दिवा हिरवा झाला.

१६ नोव्हेंबर
ड्रम धुऊन सुरू केला. पुन्हा लाल. उद्या चारला तो धुवायला अजिनाथला लावलंय. दोन लेकरांचा बाप. साहेब ऐकत नाहीत. ती किंकाळी नसली की त्या यंत्राला आपलं चुकलंय असं वाटतं, म्हणून ते — आता मीच पुसते नमुना.

१७ नोव्हेंबर, दुपार
अजिनाथला शिव्या घालून घरी हाकललं. फ्यूज काढला. नमुना पुसला. किती हलकं वाटलं —

स्क्रीनवर आपोआप आलं, नवा नमुना घेणे सुरू. माइक उपटायला वाकले. ड्रम फिरला. वायर मनगटाला — मल्लप्पा, तुम्ही पाचदा —

हळू ओढतोय. बोटं गेली. डायरी खिशात होती. डाव्या हाताने लिहितेय.

आत्ता जो आवाज जाईल तोच त्याचा निरोगी. तोच रोज मागेल. अजिनाथकडे.

ओरडायचं नाही. लिहीत राहिलं की तोंड बंद राहतं. मनगट. कोपर. ओठ तुटला दातांखाली. लिहायचं.

आई

खांदा — ओरडायचं नाही ओरडायचं ना