रझियाच्या वहीत निघालेलं युद्ध

शनिवार पेठ, पुणे
रविवार, दुपार

प्रिय सीतारामास,

मकबूलचा सलाम, घरच्या सगळ्यांना जय भीम आणि सुंदरावहिनींच्या गुडघ्यांची वेगळी चौकशी. (तुझ्या तब्येतीची करत नाही. दोन वर्षं ज्या तडफेने माझा फोन कट करतोस, त्यावरून बोटं तरी ठणठणीत दिसतात.) पत्र मात्र कट होत नाही. फाडशील म्हणावं, तर मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. पाठकोरा कागद फाडणं तुझ्याच्याने जन्मात व्हायचं नाही, हे बापूरावांच्या बाइंडिंगच्या दुकानात तुझ्या शेजारी बसून मी पाहिलंय.

पत्रास कारण एवढंच, की पुठ्ठ्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद किती घालायचं ते विसरलो. तेवढं कळव. बाकी काही नाही.

झालं असं, की रझियाची स्वयंपाकाची वही खिळखिळी झाली. आमच्या लग्नात मीच दिलेली, शिलाई तुझी. नवी बांधावी म्हणून पुठ्ठा ओला केला, तर आत एकाहत्तर सालचा डिसेंबर! युद्ध चालू असताना आपण पेपरच्या रद्दीचे थर चिकटवून पुठ्ठे केले होते, आठवतं? त्यातलाच हा. पहिली पानं तेव्हा लोकांनी जपून ठेवली, रणगाडे-विमानं सगळी तिकडे गेली, आणि रद्दीत आपल्या वाट्याला आली ती आतली पानं. 'सायरन बेसूर, पेठेतील संगीतप्रेमींची तक्रार.' 'खंदकात केर टाकू नये.' 'काळोखात जावई शेजारच्या घरी जेवला, सासुरवाडीचा आक्षेप.' (आक्षेप कशाला, हे खाली फाटलंय. जेवण शेजारी बरं असावं.) एका थरावर 'शत्रूच्या रणगाड्यांना' एवढंच उरलेलं आणि त्याला खालच्या थरातलं 'चिंचेचे पाणी लावून घासल्यास लखलखीत' असं जाऊन चिकटलेलं. ते वाचून रझिया इतकी हसली की दूध उतू गेलं, आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. पण खरं सांगतो, बरं वाटलं. वर विमानांची भीती, आणि माणसं भांडतायत केरावरून आणि सुरावरून. असली माणसं सहजासहजी हरत नाहीत बघ.

आता तिसरा थर. तो सांगायचा म्हणजे आधी दोन वर्षं मागे, तुझ्या कल्याणीच्या लग्नात जावं लागतं. तू व्याह्यांना सांगत होतास, की 'युद्धात माझं नाव पेपरात छापून आलं होतं.' कशासाठी, ते नेहमीप्रमाणे सांगेनास. कात्रण काही तुला कधी सापडलं नाही. आणि मी शहाणा भर पंगतीत बोललो, की आलं असेल 'हरवले आहेत'मध्ये. व्याही हसले, वाढपी हसले, आणि तू पानातली जिलबी तशीच टाकून उठलास. मस्करीची कुस्करी झाली, लेका.

तर तिसऱ्या थरात तुझं नाव आहे. अख्खं, वडिलांच्या नावासकट. वर मथळा, 'ब्लॅकआउटमध्ये बॅटरी लावणाऱ्या', आणि पुढचं सगळं खालच्या कागदाला घट्ट चिकटलेलं. आमचा नातू बिलाल नखाने ओढायला निघाला होता, त्याच्या अंगावर असा ओरडलो की चार दिवस तोही माझ्याशी बोलत नव्हता. (हल्ली माझ्याशी न बोलणाऱ्यांची रांगच लागली आहे.) तू खरं बोलत होतास, सीताराम. मी चारचौघांत तुला खोटा पाडला. चुकलो.

ये, असं म्हणत नाही. लोणी काळभोर काही जवळ नाही, आणि तुझा राग त्याहून लांब. मोरचुदाचं तेवढं कळव.

तुझा एकेकाळचा शेजारी,
मकबूल

ता. क. मोरचुदाचं प्रमाण मला पाठ आहे. पन्नास वर्षं काय गवत उपटलं?

ता. क. दुसरा. पुढची बातमीही सुटली. रझियाने इडलीपात्राच्या वाफेवर धरून अलगद सोडवली. '...तरुणास समज. दुकानात उजेड दिसल्याने हटकले असता, टायफॉइडने आजारी असलेल्या सोबत्याची शिलाई पुरी करीत होतो, असे त्याने सांगितले.' माझा ढीग पुरा झाला नसता, तर बापूराव दुसरा माणूस ठेवणार होते. मी बरा होऊन आलो, तर दीडशे वह्या शिवून तयार. मला वाटलं, बापूरावांचीच मेहरबानी. इतकी वर्षं दुवा त्यांना देतोय, आणि तू शेजारी बसून नुसता ऐकतोयस! वर त्याच कागदाला खळ लावून त्याचा पुठ्ठा कुणी केला? मीच. तुझ्यासारखा घुम्या माणूस पुण्यात दुसरा नसेल. आज दुपारी मी रडलो. रझियाला कांद्याचं कारण सांगितलं, तर म्हणाली, आज घरात कांदाच नाही.

ता. क. तिसरा आणि खरा. वही अजून उघडी पडली आहे. पहिली शिलाई तुझी होती, दुसरी मी एकटा घालणार नाही. पुढच्या रविवारी ये. कल्याणीच्या सासऱ्यांना बरोबर आण. ही बातमी त्यांच्यासमोर मी उभा राहून वाचणार आहे, मथळ्यासकट. जिलबी आणून ठेवतो, ती मात्र संपवायची. मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर फक्त बस किती वाजता पोचते, तेवढं लिही.